पाहुणे बोलवावेत, पण कशासाठी?

सचिव: सर्व सभासदांस नमस्कार. आपल्यापैकी काही जण ज्या सामुदायिक स्वयंपाकघरात दर आठवड्याला मदतीला जातात, त्या संस्थेने वर्धापनदिनाला एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीस बोलवावे का, याविषयी आपले मत विचारले आहे. कृपया मते येथेच मांडावीत.

ए-१०३: माझा विरोध आहे. पाहुणे उशिरा येतात, हातात डाव धरून छायाचित्र काढून घेतात आणि तोवर वाढप थांबून राहते. जेवणासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा त्याला न विचारता चार ठिकाणी फिरतो, हे तर मला मुळीच पटत नाही.

बी-४०२: काका, छायाचित्रांबद्दलचा आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, मात्र पाहुणेच नकोत असे ठरवण्यापूर्वी लंडनमधील एका स्वयंपाकघराचा विचार व्हावा, अशी विनंती आहे. १४ जून २०१७ रोजी तेथील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला लागलेल्या आगीत ७२ जणांचा बळी गेला. बेघर झालेल्या काही स्त्रियांना तात्पुरत्या निवाऱ्यात स्वयंपाकाची सोय नव्हती, म्हणून त्या जवळच्या अल मनार या मशीद व सांस्कृतिक केंद्रातील स्वयंपाकघरात जमून आपल्या आणि शेजाऱ्यांच्या कुटुंबांसाठी रांधू लागल्या. २०१८ च्या सुरुवातीला मेगन मार्कल (राजघराण्यात त्यांचा विवाह तेव्हा व्हायचा होता) गाजावाजा न करता तेथे गेल्या आणि त्यांनी एवढेच विचारले, की हे स्वयंपाकघर आठवड्यातून दोनच दिवस का उघडे असते. अडचण पैशाची होती. त्यातून त्या स्त्रियांच्याच पाककृतींचे पुस्तक काढण्याची कल्पना पुढे आली, सप्टेंबर २०१८ मध्ये ते मेगन यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले आणि त्याच्या उत्पन्नाच्या आधारावर स्वयंपाकघर आठवड्यातून सात दिवसांपर्यंत उघडे ठेवणे शक्य झाले. पुस्तकाकडे लोकांचे लक्ष वेधले ते प्रस्तावनेवरील नावाने, पण पाककृती आणि पाककृतींमागच्या हकिकती त्या स्त्रियांच्याच होत्या.

ए-१०३: ताई, उदाहरण चांगले आहे, पण एवढे मोठे नाव आपल्या वाट्याला कोठून येणार?

सी-२०१: काका, नावाच्या मोठेपणापेक्षा त्या व्यक्तीचा विषयाशी असलेला संबंध मला अधिक मोलाचा वाटतो. इंग्लंडचा फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड लहानपणी शाळेतल्या मोफत जेवणावर अवलंबून होता. २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर त्याने शिल्लक राहिलेले चांगले अन्न संस्थांपर्यंत पोहोचवणाऱ्या फेअरशेअरसाठी निधी उभारण्यास हातभार लावला आणि जूनमध्ये खासदारांना खुले पत्र लिहिले. दुसऱ्याच दिवशी सरकारने आपला निर्णय फिरवला व उन्हाळ्याच्या सुट्टीतही सुमारे १३ लाख मुलांच्या जेवणाची तरतूद केली. अर्थात फेअरशेअरचे काम त्याच्या जन्माआधीपासून चालू होते, म्हणूनच त्याच्या प्रसिद्धीतून आलेली मदत तिला पेलता आली.

ए-१०३: हा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. प्रसिद्धी झाली की पहिल्या आठवड्यात धान्याची पोती आणि हौशी स्वयंसेवक इतके येतात, की ठेवायला जागा नसते आणि कोणाला काय काम द्यावे हे कळत नाही; तिसऱ्या आठवड्यात भांडी घासायला पुन्हा तीच जुनी चार माणसे उरतात.

बी-४०२: मग पाहुण्यांना बोलावण्यापूर्वी संस्थेलाच विचारावे, की काम नेमके कोठे अडते: पैशात, शीतपेटीत, वाहनात की माणसांत? जे उत्तर येईल त्यापुरतीच पाहुण्यांकडे विनंती करावी आणि छायाचित्रे घ्यायचीच असतील तर ती वाढप संपल्यावर, फक्त स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांची घ्यावीत.

ए-१०३: या अटी लेखी असतील, तर माझा विरोध मी मागे घेतो.

सचिव: हा प्रश्न आणि छायाचित्रांची अट आजच संस्थेला लेखी कळवतो. त्यांचे उत्तर येईपर्यंत कोणीही परस्पर कोणाला आमंत्रण देऊ नये, ही विनंती.