टेकडी फोडून रस्ता हवाच का?

सायकलवाला_कोथरूड: पुण्यात बालभारती ते पौड फाटा रस्त्याचं भूत पुन्हा उठलंय. वेताळ टेकडीच्या अंगावरून दोनेक किलोमीटर, म्हणे लॉ कॉलेज रोडची कोंडी फुटेल. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूलही कोंडी फोडायलाच होता ना? २०२० मध्ये पाडला. रस्ता वाढवा, काही वर्षांत गाड्या तो भरून टाकतात. आमच्या गल्लीत फुटपाथ आहे, पण त्यावर गाड्या झोपलेल्या. पंचाहत्तरीच्या आईला भाजीची पिशवी घेऊन डांबरावर उतरावं लागतं, आणि मागून हॉर्न.

बाणेरकर: पूल मेट्रोसाठी पाडला, अर्धवट सांगू नका. मी गाडी हौसेने नाही घेतली. बायकोची ड्यूटी रात्री साडेदहाला संपते. त्यानंतर पाऊण तास बसची वाट बघून दाखवा, भर पावसात. आणि टेकडीवर फिरायला येणारे निम्मे लोक पायथ्याशी गाडीच लावतात, तेही लिहा की!

सायकलवाला_कोथरूड: मेट्रोसाठीच, मान्य. पण तोवर त्या पुलाने कोंडी फुटली होती का? टोमणा लागला, पावसाळ्यात मीही गाडी नेतो. तुम्हाला बस मिळत नाही हेच तर माझं दुखणं आहे. २००६ ला कात्रज-स्वारगेट बीआरटी आली, म्हणजे फक्त बससाठी वेगळी मार्गिका, तिच्यात दुचाक्या घुसल्या, आणि नावं ठेवली बसला.

इव्हीप्रेमी: इलेक्ट्रिक घ्या, विषय संपला.

पदर_खोचून: धूर संपला, विषय नाही. टायर झिजून धूळ उडतेच, जागाही तेवढीच खाते. आमच्या सोसायटीत एका गाडीला अडीच बाय पाच मीटर. लग्नानंतर आम्ही चौघं ज्या भाड्याच्या खोलीत राहायचो ती दहा बाय दहा फूट होती. गाडीची जागा त्याहून मोठी! आणि जिला गाडीच नाही तिनेही मेंटेनन्स तेवढाच भरायचा.

बाणेरकर: हे मात्र खरंय. पण रात्री अकरापर्यंत दर दहा मिनिटांनी बस द्या, किल्ली आणून देतो. तोवर रस्ता पाहिजे.

सायकलवाला_कोथरूड: बससाठी टेकडी कशाला? लॉ कॉलेज रोडवरचं पार्किंग उठवा, अख्खी लेन मोकळी होते.

बाणेरकर: उठवलं तर पहिली बोंब कोण मारणार?

पदर_खोचून: तुम्ही.

बाणेरकर: मीच की. शनिवारी तिथेच लावतो.