हील हुक एवढा डेंजर आहे तर फाइटमध्ये रोज का दिसत नाही?

कोपऱ्यातला_प्रेक्षक
तीनचार वर्षं एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी फाइट) बघतोय आणि गेल्या सहा महिन्यांपासून स्वतः नो-गी ग्रॅपलिंगला (जिउ-जित्सूचा जाड कोट न घालता केलेली धरपकड) जातोय, म्हंजे अजून सगळे मलाच चेपतात ते सोडा. प्रश्न असा आहे की ग्रॅपलिंगच्या मॅचेस बघितल्या की अर्धा वेळ कोणीतरी कोणाच्या तरी पायात अडकलेलं असतं आणि हील हुक (टाच धरून पाय पिळायचा लॉक) बसला की लगेच टॅप, म्हंजे हात आपटून हार मानली, खेळ खल्लास. मग एमएमए मध्ये तेच का होत नाही? तिथे आपलं मागून गळा आवळणं, गिलोटिन (समोरून गळा), आर्मबार (कोपर ताणणं), फार तर ट्रँगल (पायांनी गळा). पायाचं सबमिशन (लॉक लावून टॅप करायला लावणं) कधीतरी सणासुदीला. आमच्यात यावरून रोज वाद होतो, एक म्हणतो फायटर लोकांना ते नीट येतच नाही, दुसरा म्हणतो येतं पण लावायला घाबरतात.

आणि अजून एक, आमचे कोच मला हील हुक शिकवायलाच तयार नाहीत, विचारलं की म्हणतात आधी टॅप करायला शीक. टॅप करण्यात शिकायचं काय आहे? दुखलं की करायचं ना?

गुडघा_बाय_गुडघा
"दुखलं की करायचं ना" वाचून अंगावर काटा आला राव. हेच वाक्य डोक्यात ठेवून मी माझा गुडघा घालवलाय.

आर्मबारमध्ये कोपर ताणलं जातं ते कळतं, वाढत जातं, तुला विचार करायला वेळ मिळतो. हील हुकचं तसं नाही. तो पकडतो टाच पण मोडतो गुडघा. तुझी मांडी त्याच्या दोन्ही पायांमध्ये जाम असते, टाच त्याच्या कोपराच्या खोबणीत, आणि मग तो हाताने नाही तर अख्ख्या धडाने वळतो. घोटा जेवढा फिरायचा तेवढा फिरतो आणि बाकीचा सगळा पीळ वर गुडघ्यात जातो. आता गुडघा म्हंजे मुळात दाराची बिजागरी, पुढे मागे हलायला बनलेला, वाकलेला असताना थोडाफार फिरतो तेवढाच. त्यात ते लिगामेंट दुखून आधी वॉर्निंग देत नाहीत, दुखायला लागेपर्यंत बऱ्याचदा काम झालेलं असतं.

माझं असंच झालं. पार्टनरने इनसाइड हील हुक पकडला, अगदी हळू, त्याची काही चूक नाही, तो थांबून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं अजून तर काहीच दुखत नाहीये, आणि सुटायला म्हणून मी जोरात फिरलो, तेही उलट्या दिशेला, म्हंजे त्याचं काम मीच केलं. आवाज शेजारच्या मॅटवर ऐकू गेला. एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट) आणि मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) दोन्ही, मग ऑपरेशन, आणि परत रोलिंगला (सरावाच्या झटापटीला) उभं राहायला जवळजवळ वर्ष. तुझे कोच बरोबर सांगतायत. टाच पकडली गेली आणि गुडघा त्याच्या पायांतून निघत नाहीये, की टॅप. दुखायची वाट बघायची नाही.

जुनी_टेप
कधीतरी सणासुदीला हे आत्ताचं झालं, सुरुवात तर पायापासूनच झालीये. १९९३ च्या पहिल्या यूएफसीत (आजची सगळ्यात मोठी एमएमए संघटना) केन शॅमरॉकने पॅट्रिक स्मिथला हील हुकनेच टॅप करायला लावलं होतं, दोन मिनिटं पण लागली नाहीत. शॅमरॉक जपानच्या पँक्रेस संघटनेतून आलेला, आणि तिथे कॅच रेसलिंगवाल्यांमुळे (लॉक लावायची जुनी कुस्ती) पाय पकडणं रोजचंच होतं. त्याच शॅमरॉकने १९९५ मध्ये पँक्रेसमध्ये बास रुटनला नीबारने (गुडघा सरळ ताणायचा लॉक) हरवलं. रुटन मूळचा स्ट्रायकर, ठोसे-लाथावाला माणूस, त्यानंतर तो सबमिशनच्या मागे हात धुऊन लागला आणि पुढे करिअर संपेपर्यंत एकदाही हरला नाही. मला ही गोष्ट फार आवडते, कारण लोक हरले की सांगत बसतात नशीब खराब होतं वगैरे.

मधल्या काळात झालं काय की ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये पायाला हात घालणं हलकं समजायचे, गार्ड (खालच्या माणसाचे आडवे येणारे पाय) पास करता येत नाही म्हणून पाय धरतोय अशी नजर. ज्युडोच्या स्पर्धेत पायाचे लॉक बंदच. सांबोमध्ये (रशियन कुस्ती) नीबार, अँकल लॉक (घोटा ताणायचा) चालतो पण पिळायचा हील हुक तिथेही चालत नाही. म्हंजे एमएमए मध्ये येणारी माणसं ज्या ज्या खेळातून आली तिथे हा विषय एकतर अर्धवट नाहीतर बंद. तुझा पहिला मित्र अगदीच चुकीचा नाहीये.

उगाच_बोलतो
सगळं ठीक आहे पण मला हे लेग लॉक प्रकरण एमएमए मध्ये जुगार वाटतं, स्पष्ट बोलतो. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं. वर बसलाय, माउंट आहे, ठोसे मारायची सोय आहे आणि ते सोडून मागे पडून पाय धरतोस? नाही बसला तर आता तू खाली आणि तो वर. चोक लावताना हात सुटला तरी निदान पाठीवर तरी असतोस.

गॅरी टोनन घ्या. पायाच्या बाबतीत त्याच्याइतका मुरलेला माणूस एमएमए मध्ये क्वचितच आला असेल, लेग लॉकसाठी नावाजलेले कोच जॉन डॅनाहर यांच्या हाताखाली तयार झालेला. मार्च २०२२ मध्ये वन चॅम्पियनशिप या आशियातल्या संघटनेच्या टायटल फाइटमध्ये थान ले चा पाय धरायला गेला आणि थान ले ने वरून ठोसे घातले, ५६ सेकंदात नॉकआउट. रायन हॉल तसाच, २०२१ मध्ये इलिया टोपुरियाच्या पायात घुसायला सारखा लोळत होता, टोपुरियाने पहिल्याच राउंडमध्ये झोपवला. ही दोघं या विषयातली सगळ्यात हुशार पोरं, त्यांचं हे झालं तर बाकीच्यांचं काय.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
पण याच हॉलने बीजे पेनला हील हुकवर टॅप करायला लावलं ना? तेव्हा तर सगळे म्हणत होते की भविष्य आलं.

उगाच_बोलतो
डिसेंबर २०१८, यूएफसी २३२, इमानारी रोल (लोळत पायात घुसायची चाल) मारून आत घुसला आणि पहिल्याच राउंडमध्ये संपवलं. पेनला त्याआधी कोणी सबमिट केलं नव्हतं हे पण मान्य. पण २०१८ चा पेन म्हंजे चाळिशी गाठलेला माणूस, ओळीने हरत आलेला. मी एवढंच म्हणतोय की चालतं तेव्हा भारी दिसतं आणि नाही चाललं की झोपूनच उठतो माणूस.

मॅटवरची
मी गेली काही वर्षं नवीन मुलामुलींना शिकवते म्हणून थोडं सविस्तर लिहिते, लांबलं तर समजून घ्या.

जुगार आहे हे बरोबर, पण सगळ्यांचा जुगार सारखा नसतो. पाय पकडलाय म्हणून लेग लॉक आहे असं नाही, बघायचं हे की समोरच्याचा गुडघा आपल्या कमरेच्या पलीकडे अडकलाय का. आम्ही त्याला नी लाइन म्हणतो. गुडघा निसटला की हातात फक्त एक घामट पाय उरतो, त्याचं काहीही करता येत नाही. आणि दुसरी गोष्ट त्याचा दुसरा पाय. साध्या आशी गारामीत (पायात पाय अडकवायची पकड) तुम्ही एकच पाय धरता, दुसरा मोकळा, तो त्या मोकळ्या पायावर उठून बसतो आणि तुमच्या तोंडावर येतो. ग्रॅपलिंगच्या मॅचमध्ये त्याने उठून बसलं तर फार काही बिघडत नाही, फाइटमध्ये त्याच जागेवरून ठोसा बसतो. म्हणून आता ज्यांना खरंच कळतं ते सॅडलमध्ये जायला बघतात, तिथे दोन्ही पाय अडकवता येतात, त्याला उभं राहणं अवघड होतं आणि मारायला वाकला तरी जोर लागत नाही. पण तिथपर्यंत पोचायला दोन तीन पायऱ्या आहेत आणि त्या प्रत्येक पायरीवर ठोसा बसू शकतो. थान ले वाली फाइट परत बघा. टोननला लॉक येत नव्हता म्हणून तो हरला नाही, दोन पायऱ्यांच्या मधेच त्याला मार बसला.

घामाचं कोणी बोललंच नाही. पायात ना बूट ना पँट, घामाने माशासारखा निसटतो पाय. टाच बारीक असते, कोपराच्या खोबणीत ती चपखल बसावी लागते, एक इंच सरकली की गेली. पायाच्या लॉकसाठीच ओळखला जाणारा पालहारेस आणि नेट मार्क्वार्ट यांची २०१० ची फाइट आठवते का कोणाला? पालहारेसच्या हातातून मार्क्वार्टचा पाय सुटला, त्याला वाटलं मार्क्वार्टने काहीतरी चोपडलंय, रेफरीकडे वळून तक्रार करायला गेला आणि मार्क्वार्टने तिथेच मारून संपवलं. नंतर तपासलं तर काहीच लावलेलं नव्हतं.

आता हे ऐकून वाटेल की मग शिकायचंच कशाला. तर नीबारचं वेगळं आहे. तो सरळ ताणायचा लॉक, आर्मबारसारखाच, आपली कंबर त्याच्या गुडघ्यावर टेकवून पाय मागे ओढायचा. तो खालून, मार खाताखाता पण लागतो. फ्रँक मिर विरुद्ध ब्रॉक लेस्नर, यूएफसी ८१, फेब्रुवारी २००८. लेस्नर कॉलेज रेसलिंगचा चॅम्पियन, मिरला खाली पाडून नुसता कुटत होता. पाय कुठे ठेवायचा नाही हे त्याला माहीतच नव्हतं, दीड मिनिटात टॅप. मॅकेंझी डर्नने पण २०२० मध्ये हॅना सायफर्सला नीबारनेच हरवलं, यूएफसीच्या बायकांच्या फाइट्समधलं ते पायाचं पहिलं सबमिशन. दोन्ही वेळा झटापटीत पाय आपणहून समोर आला आणि यांनी धरला. मुद्दाम मागे पडून कोणी शोधायला गेलं नव्हतं. मी मुलींना हेच सांगते, फाइटमध्ये पाय शोधत फिरू नका, समोर आला तर सोडू नका.

आणि प्रत्येक वेळी टॅपच मिळाला पाहिजे असंही नाही. खाली असताना टाच पकडली की वरचा माणूस मारणं थांबवून पाय सोडवायच्या मागे लागतो, तेवढ्यात आपण उठतो. स्कोअरकार्डवर याचं नाव येत नाही, पण फाइट वाचते.

उगाच_बोलतो
हा शेवटचा मुद्दा मान्य. बाकी माझं मत कायम 😄

दोन_टाचा_चार_हात
कोणी काफ स्लायसरचं नावच घेत नाहीये. २०१२ मध्ये चार्ल्स ऑलिव्हेराने एरिक वाइजलीला लावला होता तो बघा, यूएफसीतला पहिला. गुडघ्याच्या मागे नडगी घालून पाय दुमडायचा, पोटरी चेंगरते. हे मात्र दुखतं हो, अगदी दुखायच्या आधी मोडत वगैरे नाही, सरळ ब्रह्मांड आठवतं. आणि मजा म्हणजे त्याच ऑलिव्हेराला २०१० मध्ये जिम मिलरने नीबार लावला होता. पायाचं दुखणं पायानेच फेडलं, फक्त माणूस दुसरा सापडला.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
खूप भारी माहिती, सगळ्यांचे आभार. मॅटवरची ताई, पालहारेसचं नाव निघालं म्हणून विचारतो, त्याला यूएफसीतून काढून का टाकलं नक्की? लॉक तर कायदेशीर होता ना?

जुनी_टेप
लॉक कायदेशीरच होता, सोडत नव्हता हा प्रॉब्लेम. २०१० मध्ये टोमाश द्रवालला ४५ सेकंदात हील हुक, टॅप झाला, रेफरी ओढतोय तरी धरून. न्यू जर्सीच्या क्रीडा कमिशनने ९० दिवस बाहेर बसवलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये माइक पिअर्स, ३१ सेकंद, परत तेच. मग यूएफसीने दारच दाखवलं. पुढे दुसऱ्या संघटनेत बेल्ट मिळाला, तिथे २०१५ मध्ये जेक शील्ड्सच्या डोळ्यात बोटं घातली आणि टॅप झाल्यावरही किमुरा (खांद्याचा लॉक) सोडला नाही, तो बेल्ट पण गेला. काय ताकद, काय टेक्निक, सगळं असून माणसाने वाट लावून घेतली. काही जण म्हणतात त्याला त्या क्षणी भान राहत नव्हतं. मला पटत नाही, एकदा समजू शकतो.

गुडघा_बाय_गुडघा
माझ्या पार्टनरने टाच धरून थांबून बघितलं होतं म्हणून माझं फक्त एवढ्यावर निभावलं. पालहारेससारखा असता तर काय झालं असतं याचा विचार पण नको वाटतो. पिअर्स टॅप करत होता रे, हात आपटत होता.

मॅटवरची
म्हणूनच नवीन लोकांना हील हुक लगेच देत नाहीत. बऱ्याच अमॅच्युअर स्पर्धांत तो बंद असतो, आयबीजेजेएफने (ब्राझिलियन जिउ-जित्सूची मोठी संघटना) सुद्धा २०२१ पासून चालू केला तो फक्त नो-गी मध्ये आणि तोही ब्राउन आणि ब्लॅक बेल्टच्या मोठ्यांना. सहा महिन्यांत तू सरळ अँकल लॉक शीक. मनगटाजवळचं हाड त्याच्या टाचेच्या वरच्या शिरेवर, कोपर बरगडीला चिकटवून, छाती वर काढायची. तो दुखतो, वेळ देतो, आणि पायात पाय कसे अडकवायचे ते सगळं त्यातच शिकून होतं. बचाव पण आत्ताच सुरू कर. पहिल्यांदा टाच लपवायची, मग त्याचे हात तोडायचे, मग गुडघा बाहेर काढायचा. या क्रमात. घाबरून आधी फिरायचं नाही, फिरलं की काय होतं ते वर लिहिलेलंच आहे.

कोपऱ्यातला_प्रेक्षक
अपडेट देतो. आज क्लासनंतर कोचना म्हटलं मला टॅप करायला शिकवा, तर ते आधी हसले मग खरंच बसवलं. दहा मिनिटं फक्त एवढंच, ते सावकाश माझी टाच धरणार आणि मी गुडघा अडकल्याचं कळल्या क्षणी टॅप करायचं, पीळ द्यायच्या आधी. दहातल्या सहा वेळा उशीर केला मी. सहा! मला वाटत होतं अजून वेळ आहे आणि ते नुसते मान हलवत होते. उद्यापासून अँकल लॉक.

गुडघा_बाय_गुडघा
चार वेळा वेळेत केलास ना, माझ्यापेक्षा चार जास्त.