मुलं आणि घड्याळ: तुमचे अनुभव सांगा

माळा आवरताना लेकीचं पुठ्ठ्याचं घड्याळ सापडलं आणि सगळं आठवलं. भिंतीवरच्या खऱ्या घड्याळाखाली ते टांगलेलं असायचं. त्यावर आम्ही रोज पुढच्या कामाची वेळ लावून ठेवायचो. वरचे काटे खालच्यासारखे झाले की आंघोळ. आकडे वाचता येत नव्हते, तरी "आई, जुळलं!" म्हणून तीच ओरडत यायची. तुम्ही काय केलंत?

रानवाट
मिनिटकाटा काढूनच टाकला. नुसता तासकाटा! "सातच्या जवळ आला", "सात आणि आठच्या मधोमध आहे" एवढं पुरतं हो. साडेसातला तो काटा बरोब्बर मध्ये असतो हे मुलांना आपोआप दिसतं. दोन काटे एकदम दिले की गोंधळ ठरलेला.

निळीशाई
डिजिटलवाल्यांनो, ७:५९ नंतर ७:६० येतं असं कोणाकोणाच्या पोरांना वाटायचं? आमचा तर शंभरपर्यंत जायचा, म्हणून ७:५८ ला निवांत बसलेला, अजून खूप वेळ आहे म्हणे. 😄 गोल घड्याळात उरलेला वेळ डोळ्यांना दिसतो, म्हणून तेच आधी शिकवावं या मताची मी आहे.

सांजवेळ
माझी नाइट शिफ्ट. "बाबा सातला येतो" म्हटलं की लेक संध्याकाळी दाराशी. मग दोन तबकड्या काढल्या, एक पिवळी, एक गडद निळी. काटा दिवसातून दोन फेऱ्या मारतो हे त्यावरून कळलं. पिवळ्या सातावर माझं चित्र तिनेच काढलं.

रानवाट
@सांजवेळ किती गोड! झोप मिळते ना पण दिवसा?

सांजवेळ
मिळते, ती शाळेत गेली की.

चिमणचारा
मोठ्यांचं "पाच मिनिटांत आले" आधी बंद व्हायला हवं, हे मी कळकळीने सांगते. कधी दोन मिनिटं, कधी अर्धा तास, मग मुलाने पाच मिनिटं म्हणजे काय समजायचं? आम्ही वाळूचं घड्याळ आणलं. वाळू संपली की मीही हातातलं काम सोडून उठते.

पाऊलखुणा
आमच्या हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, सासऱ्यांची सवय. नात रोज विचारते, "आजोबा, खरे किती वाजले?" वजाबाकी मात्र पक्की झाली!

निळीशाई
😂😂 आमच्या माहेरीही असंच

मोरपंखी
माझा सहा वर्षांचा. सकाळी घड्याळ दाखवलं की रडायलाच लागतो. काय करू?

चिमणचारा
मोरपंखी ताई, सकाळच्या घाईत नका दाखवू. त्याला आवडतं त्या वेळेपासून सुरू करा. खेळायला जायची वेळ, गोष्टीची वेळ. घड्याळ म्हणजे नुसता ओरडा असं वाटत असेल बिचाऱ्याला.

मोरपंखी
हे पटलं. आज गोष्टीपासून बघते. @रानवाट, मिनिटकाटा परत कधी लावलात?

रानवाट
"सातच्या किती पुढे?" असं त्यानेच विचारलं त्या दिवशी.