मदत हवी आहे: मध्यस्थीत धंद्याच्या हिशोबाबरोबर जागेची वाटणीही घालता येते का?

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत चुलतभावाबरोबर सायझिंगचा (विणण्याआधी सुताला खळ लावण्याचा) धंदा आहे. फर्म नोंदणीकृत, हिस्सा निम्मा-निम्मा. भागीदारी मोडायची यावर एकमत आहे, भांडण आकड्यावर. माझ्या हिशोबाने माझे १४ लाख निघतात, तो ६ वर अडलाय.

मामांना मधे घालून दोनदा बसलो. दुसऱ्यांदा बॉयलर दुरुस्तीच्या बिलावरून तो चहा तसाच टाकून उठला. नंतर वकिलांची नोटीस पाठवली, उत्तर आलं, "बसून मिटवू."

वकील म्हणतात, ३ लाखांवरचा व्यापारी वाद आहे आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नाही, म्हणजे व्यावसायिक न्यायालये कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे आधी मध्यस्थी, मगच दावा. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. मुदत ३ महिने, दोघांच्या संमतीने आणखी २. तडजोड झाली तर तिला लवादाच्या निवाड्याचा दर्जा. इथवर समजलं.

घोडं अडलंय ते जागेवर. शेड आजोबांच्या जागेत आहे, सातबाऱ्यावर आम्हा दोघांचीच नावं. भाऊ म्हणतो, जागेचंही याच बैठकीत मिटवू, नाहीतर मी येत नाही. जागेची वाटणी तर घरगुती बाब, व्यापारी वाद नाही. (वकील बदला असं कृपया सुचवू नका, ते दुसऱ्यांचे फौजदारी खटले चालवण्यात गुंतलेत म्हणून इथे विचारतोय.)

कुणी अशी मध्यस्थी केली आहे का? जागेची वाटणी त्याच तडजोडपत्रात चालली, की वेगळा दस्त करून मुद्रांक आणि नोंदणी करावी लागली?