पायथन शिकवताना ब्रेक आणि कंटिन्यू आधीच दाखवावं का?

राजारामपुरी_क्लास:
बारावी-डिप्लोमाच्या पोरांना पायथनमध्ये प्रोग्रामिंग शिकवतो. माझं मत ठाम आहे: व्हाइलची (अट खरी असेपर्यंत त्याच ओळी पुन्हा चालवणारं लूप) अट नीट लिहिता येईपर्यंत ब्रेक, म्हणजे लूप मध्येच सोडायची आज्ञा, दाखवूच नये. एकदा तो कळला की पोरं सरसकट ‘व्हाइल ट्रू’ (अट कायम खरी) लिहून आत चार ठिकाणी ब्रेक टाकतात. मग लूप कधी थांबणार हे वरच्या ओळीवरून कळतच नाही. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रानं १९६८ मध्ये गोटू या उडी मारायच्या आज्ञेविरुद्ध लिहिलं, त्यामागं हीच काळजी होती.

शाहूपुरी_कोडर:
सर, गोटू कुठंही उडी मारतो. ब्रेक फक्त आपल्या लूपच्या बाहेर पडतो, तोही सगळ्यात आतल्या. शिवाय यादीतला एकेक घटक घेणाऱ्या फॉर लूपला अट लिहायची कुठं? केएमटी बसच्या थांब्यांच्या यादीत ‘रंकाळा’ शोधायचाय. सापडल्यावरही उरलेले थांबे कशाला बघत बसायचे? आणि पायथनमध्ये लूपलाही एल्स असतो: ब्रेक न होता लूप संपलं तरच तो चालतो. ‘थांबा सापडला नाही’ हे तिथं लिहायचं. सापडला की नाही हे लक्षात ठेवायला वेगळा फ्लॅग लागत नाही.

राजारामपुरी_क्लास:
तो एल्स बघून पोरं हमखास गोंधळतात, इफचाच (अट खोटी ठरली की चालणारा) समजतात. फेरीतल्या उरलेल्या ओळी सोडणाऱ्या कंटिन्यूचं तर त्याहून वाईट. व्हाइलमध्ये मोजणी वाढवायची ओळ खाली आणि कंटिन्यू वर असला की ती ओळ गाठलीच जात नाही. आकडा तिथंच अडकतो, लूप संपत नाही.

उचगाव_डिप्लोमा:
मी शिकणारा. पास आणि कंटिन्यू एकच ना?

शाहूपुरी_कोडर:
नाही भावा. पास काहीच करत नाही, खालच्या ओळी चालतातच. कंटिन्यू त्या सोडून थेट पुढच्या फेरीला जातो. दोन्हींच्या खाली एकेक प्रिंट टाकून चालवून बघ.
आणि सर, तुम्ही सांगितलेला घोळ व्हाइलमधला आहे. फॉर पुढचा घटक स्वतःच घेतो, तिथं कंटिन्यूनं असं अडकत नाही. म्हणून फॉरपासून सुरुवात करा, पण लपवू नका. पोरं नेटवरचा कोड उघडतात, त्यात ब्रेक असतोच. न समजता उतरवण्यापेक्षा वर्गात समजलेला बरा.

राजारामपुरी_क्लास:
फॉरमधला ब्रेक मान्य. ‘व्हाइल ट्रू’ पहिल्या महिन्यात नाहीच.

शाहूपुरी_कोडर:
मग वय विचारल्यावर कुणी अक्षरं टाकली तर पुन्हा कसं विचारायचं? पायथनमध्ये डू-व्हाइल (आधी एकदा चालून मग अट तपासणारं लूप) नाही. इनपुटची ओळ लूपच्या आधी एकदा आणि आत एकदा, अशी दोनदा लिहायला लावणार?