शब्दचर्चा: ‘चैन’ कोणाची अन् ‘हौस’ कोणाची?

केजजवळच्या आमच्या गावात परवा एका ऊसतोड कुटुंबानं नवसाची कंदुरी केली. एक बोकड, दोन पंगती. दुसऱ्या दिवशी पारावर विषय एकच: “मुकादमाच्या उचलीवर चैन चाललीय.” (मुकादम म्हणजे तोडीला मजूर नेणारा ठेकेदार, अन् उचल म्हणजे त्यानं मजुरीपोटी आधीच दिलेली रक्कम.) उन्हाळ्यात इथल्याच एका बागायतदारानं पोरीच्या लग्नात नुसत्या फटाक्यांवर जेवढे उडवले, तेवढ्यात अशा चार कंदुऱ्या झाल्या असत्या. तेव्हा हाच पार म्हणाला होता, “हौसेला मोल नसतं.”

तर या दोन शब्दांत फरक काय? मला वाटतं, अर्थाचा कमी आणि कर्त्याचा जास्त.

‘हौस’ मूळचा अरबी, ‘हवस’. उर्दूत तो वासनेकडं झुकलेला, चारचौघांत जपून वापरायचा शब्द. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, उर्दू कचेरीची भाषा, त्यामुळं जुन्या माणसांना तो त्या अर्थानंही माहीत होता. मराठीनं मात्र त्याला लाडावून ठेवलं. ‘चैन’चं उलट झालं. हिंदी-उर्दूत चैन म्हणजे जिवाचा निवांतपणा. मराठीत ‘चैन पडेना’ म्हणतो तिथं अजून तोच अर्थ आहे, पण ‘पडणे’च्या जागी ‘करणे’ आलं की निवांतपणाची उधळपट्टी होते. कंदुरीच्या घरची म्हातारी त्याच दिवशी म्हणत होती, “नवस फिटला, आता जिवाला चैन पडंल.”

‘ऐश’ची तर गंमतच. अरबीत त्याचा अर्थ जगणं, आणि इजिप्तमध्ये रोजच्या रोटीलाच ‘ऐश’ म्हणतात.

प्रतिसाद

कर्ता कशाला, ऐपत बघा. ‘ऋण काढून सण’ करू नये, ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’, ‘घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा’ हे शहाण्यांनी उगीच सांगितलेलं नाही. उचल म्हणजे कर्जच. ते फिटायच्या आत बोकड कापणं याला दुसरा कोणता शब्द आहे?

मूळ लेखक

सरकारी नोकरांना दिवाळीला बिनव्याजी ‘सण अग्रिम’ मिळतो आणि तो पगारातून हप्त्यानं कापतात. शब्दशः ऋण काढून सण! पण ती म्हण मी कोणा कारकुनाला ऐकवलेली ऐकली नाही. मजुराची मात्र ‘उचल’, अन् तिच्या शेजारीच ‘उचल्या’ बसलेला.

प्रतिसाद

माझे आईवडील धारूरकडून कोल्हापूर, सांगली, कधी कर्नाटकात ऊसतोडीला जायचे, म्हणून लिहिते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल कोयत्यावर मिळते. गळीत हंगामाच्या तोंडावर एकरकमी. वर्षात एवढी रोकड हातात यायची ती त्या एकाच वेळी, मग डागडुजी, कपडे, जुनी देणी, देवाचं, सगळं तेव्हाच. पुढं पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहून, मोळ्या बांधून ते फेडायचं. खाडा झाला की त्याचेही पैसे कापायचे. गावाला फक्त ते आठ दिवस दिसतात. पाठीमागचे महिने दिसत नाहीत, कारण तेव्हा तोडकरी गावात नसतातच.

आणि कंदुरीचं म्हणाल तर, आईवडील तोडीला गेल्यावर आम्ही भावंडं आजीजवळ राहायचो. ज्वारी सरली की जी दोन-तीन घरं पायली पायली द्यायची, रात्री कोणाला ताप चढला तर गाडीवर घालून दवाखान्यात न्यायची, ती सगळी आमच्या पंगतीला बसून गेलेली. आई याला खर्च म्हणायची नाही. “माणसं धरून ठेवावं लागतंय,” एवढंच म्हणायची. बँकेत ठेवलं असतं तर पासबुक रात्री दवाखान्यात घेऊन गेलं नसतं.

वरच्या म्हणी मलाही पाठ आहेत. शाळेत आम्हीच त्यांचा वाक्यात उपयोग करायचो.

प्रतिसाद

थोडं विषयांतर. ‘कंदुरी’ हा फारसी शब्द, मूळ अर्थ जेवणासाठी अंथरायचं कापड, म्हणजे दस्तरखान. त्यावरून पंगतीला कंदुरी. दर्ग्याचा नवस असो की देवीचा, आपल्याकडं शब्द तोच. तेव्हा ‘अंथरूण पाहून’ म्हणणाऱ्यांनी बघून घ्यावं, हेही अंथरूणच आहे, फक्त त्यावर साठ माणसं बसतात.