एजंट म्हणतोय संध्याकाळपर्यंत टोकन टाका

ए-२०३: नमस्कार सगळ्यांना, सोसायटीच्या ग्रुपवर जरा वेगळा विषय टाकतेय, चेअरमनकाका चालेल ना. माझा भाऊ इथं सांगलीत शंभर फुटी रोडच्या बाजूला रिसेलचा टू बीएचके बघतोय. मालक पुण्याला असतात, सगळं एजंटच बोलतोय. मागणी ५२ लाख. भाऊ ४६ पासून सुरू करू म्हणाला तर एजंट म्हणतो एवढ्याला मी मालकांना फोनच लावणार नाही, दुसरी पार्टी ५० ला तयार आहे, आज संध्याकाळपर्यंत एक लाख टोकन टाका मग फ्लॅट तुमच्यासाठी धरून ठेवतो. भाऊ घाबरलाय, टाकून मोकळं होऊ म्हणतोय. कुणी अलीकडं घर घेतलंय का? काय करावं?

बी-१०१: टाकू नका ताई

बी-१०१: कुणाच्या खात्यावर मागतोय? मालकाच्या का स्वतःच्या?

ए-२०३: स्वतःच्या. गुगल पे कर म्हणालाय.

बी-१०१: मग तर अजिबातच नको. पैसे जायचे तर मालकाच्या खात्यावर चेकनं नाहीतर आरटीजीएसनं, आणि ते पण इसार पावतीवर, म्हणजे आगाऊ रकमेच्या लेखी करारावर, मालकाची सही झाल्यावर. एजंटला दिलेल्या टोकनचा मालकाशी संबंध काय? उद्या मालक म्हणाला मला कुणी पैसे दिलेच नाहीत तर?

बी-२०२: वहिनी एक विचारते, भावानं एजंटला बजेट सांगितलंय का?

ए-२०३: हो, पहिल्याच दिवशी. जास्तीत जास्त ५० पर्यंत जाऊ असं सांगितलंय.

बी-२०२: आणि दुसरी पार्टी पण बरोबर ५० वरच आली. बघा आता. दुसरी पार्टी खरी असेलही, नाही म्हणत नाही, पण आपण शेवटचा आकडा आधीच सांगितला की मग त्याच्या खाली बोलणीच होत नाहीत. यापुढं एवढंच सांगायचं की लोन मंजूर आहे, पैसे तयार आहेत, रक्कम किती ते विचारलं तरी सांगायचं नाही आणि बँकेचं मंजुरीपत्र तर व्हॉट्सॲपवर पाठवायचंच नाही.

ए-४०२: ताई माझं रोजचं काम दस्त नोंदणीचं त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. एजंट काय म्हणतो ते बाजूला ठेवा, आधी त्या बिल्डिंगमध्ये खरे व्यवहार कितीला झालेत ते बघा, आणि त्यासाठी कुणाच्या पाया पडायला नको, नोंदणी विभागाच्या म्हणजे आयजीआर महाराष्ट्रच्या साईटवर मोफत ई-सर्च आहे, तिथं वर्ष, जिल्हा सांगली, तालुका मिरज (सांगली शहर मिरज तालुक्यात मोडतं, इथंच लोक अडतात), मग गाव आणि सर्व्हे नंबर किंवा मिळकत नंबर टाकला की त्या वर्षीचे दस्त दिसतात आणि प्रत्येकाचा इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा नोंदणीतला सारांश, उघडता येतो. त्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन आकडे असतात. मोबदला म्हणजे जेवढ्याला व्यवहार झाला तो, बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरनं, सरकारच्या दरपत्रकानं, धरलेला, आणि या दोन्हीत जो जास्त त्यावर मुद्रांक शुल्क बसतं. क्षेत्रफळ पण दिलेलं असतं, भागाकार करून दर काढा आणि मग भावाला ऑफर ठरवू दे.

सी-३०४: पण काका कागदावर कमी दाखवून बाकीचे रोख देतात की बरेच जण

ए-४०२: देतात, म्हणून एका दस्तावर जाऊ नका, तीन-चार बघितले की अंदाज येतो. आणि एजंटनं रोखीची गोष्ट काढली तर स्पष्ट नाही म्हणा. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. आणि आपलं नुकसान वेगळंच, बँक लोन देते ते करारातल्या रकमेवर, म्हणजे वरचे रोखीचे सगळे स्वतःच्या खिशातनं.

सी-३०४: मला वाटतं एजंटला बाजूलाच करा, त्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडनं मालकांचा नंबर मिळेल की

ए-१०४: हे मला पटत नाही. फ्लॅट त्यानं दाखवलाय, त्याचं कमिशन बुडवून परस्पर जायचं हे बरोबर नाही. सगळे एजंट लबाड असल्यासारखं बोलू नका. आमच्या मिरजेच्या घराच्या वेळी मालक चौघं भावंडं, एक इकडं एक तिकडं, त्या एजंटनं चौघांना एका दिवशी रजिस्टर ऑफिसात आणून उभं केलं, आम्हाला ते जन्मात जमलं नसतं. कमिशन ठरवून घ्या, किती टक्के आणि कधी द्यायचं ते आधी लिहून घ्या, खरेदीखत झाल्यावर देणार म्हणा, आणि ठरलेलं द्या.

बी-२०२: काका बरोबर आहे तुमचं, पण तो आपल्या बाजूनं भाव करेल ही आशा मात्र नको. हिशोब करा, २ टक्के कमिशन धरलं आणि दोन लाख कमी-जास्त झाले तर त्याला फरक चार हजारांचा, आपल्याला दोन लाखांचा. त्याला भावापेक्षा व्यवहार लवकर उरकणं महत्त्वाचं. मग तेच त्याला दाखवायचं की, आम्ही तयार आहोत, लोन झालंय, तुम्ही मालकांना विचारा, हो आलं तर महिनाभरात खरेदी. असं गिऱ्हाईक तो सोडत नाही.

ए-२०३: पण तो ४६ मालकांना सांगायलाच तयार नाही ना

ए-४०२: तोंडी बोलूच नका, लिहून पाठवा. हे बघा असं:

"नमस्कार. सदर फ्लॅटसाठी आमची ऑफर ४६ लाख. पूर्ण रक्कम बँकेतून, गृहकर्ज मंजूर आहे. सर्च रिपोर्ट स्वच्छ असणे, सर्व मालकांच्या सह्या आणि सोसायटीचा ना हरकत दाखला या अटींवर. इसार मालकांच्या खात्यावर, इसार पावतीच्या दिवशी देऊ. कृपया हा मेसेज मालकांना दाखवून त्यांचे उत्तर कळवा. ऑफर रविवारपर्यंत."

सर्च रिपोर्ट म्हणजे जुने दस्त तपासून वकील देतो तो अहवाल. एवढं लेखी गेलं की दाबून ठेवायला जड जातं.

ए-२०३: पाठवला 🙏 हा मेसेज फार कामाचा आहे

चेअरमन: सोसायटीचं पण विचारा, मेंटेनन्स थकलाय का, पार्किंग नावावर आहे का. ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, कोण भरणार तेही आत्ताच ठरवा, २५ हजारांच्या वर सोसायटीला घेता येत नाही. मागून यावरनं भांडणं होतात.

बी-१०१: आणि पुराचं पाणी! २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांपर्यंत गेली होती, धोका पातळी ४५ ची. एजंट म्हणेल इथं काही आलं नव्हतं. वॉचमनला विचारा, शेजारच्या किराणा दुकानात विचारा, पार्किंगच्या भिंतीवर खूण दिसते का बघा. पाणी येऊन गेलं असेल तर भाव कमी करून मागायला ते सगळ्यात मोठं कारण आहे.

ए-१०३: एजंटचा महारेरा नंबर विचारा, म्हणजे बांधकाम प्रकल्प आणि एजंटांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा

ए-४०२: तो रेरात नोंदलेल्या प्रोजेक्टमधले फ्लॅट विकणाऱ्याला लागतो, जुन्या बिल्डिंगच्या रिसेलला बंधनकारक नाही. असला तर चांगलंच. ताई अजून एक, फ्लॅट एकट्या तुमच्या वहिनींच्या नावावर घेणार असाल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, दोघांच्या नावावर नाही मिळत. आणि ५० किंवा वर व्यवहार गेला तर १ टक्का टीडीएस, म्हणजे मालकाच्या रकमेतून कापायचा आयकर, भावाला कापून भरावा लागेल.

ए-२०३: काका ई-सर्च केला, मिळालं!! त्याच बिल्डिंगमधले दोन दस्त, दर काढला तर आपला फ्लॅट ४७ च्या आसपास बसतोय. आणि ह्या फ्लॅटच्या इंडेक्स टू मध्ये घेणार म्हणून दोन नावं आहेत, मालक आणि त्यांच्या आई. आत्ता एजंटला विचारलं तर म्हणतो आई वारल्या, त्याचं काही नाही, मालक एकटेच आहेत.

ए-४०२: एकटेच म्हणजे? बहीण भाऊ कुणीच नाही?

ए-२०३: विचारून सांगते

ए-२०३: बहीण आहे, कराडला दिलीय. वडील आधीच गेले. आईचं मृत्युपत्र नाही म्हणे.

ए-४०२: मग आईच्या हिश्श्यात बहीण वारस आहे. एक तर तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, म्हणजे हिस्सा सोडल्याचा दस्त, आधी, नाहीतर इसार पावतीपासून खरेदीखतापर्यंत तिची सही. याच्याशिवाय एक रुपया नाही. बँकेचा वकील पण इथंच अडवणार.

बी-२०२: आणि हे सगळं संध्याकाळी टोकन गेल्यावर कळलं असतं

ए-२०३: खरंय वहिनी. एजंटचा आत्ता फोन आला होता, मालकांना मेसेज दाखवला, ते ४९ म्हणतायत, रविवारी सांगलीला येणार आहेत. दुसऱ्या पार्टीचं काही बोलला नाही. भावानं सांगितलं बहिणीला घेऊन या, कागद बघू, मग ४७ च्या पुढं बोलायचं का ते ठरवू.

ए-१०४: छान. एजंटला पण बसवा बरोबर.

ए-२०३: हो काका, त्यालाही बोलावलंय. ए-४०२ काका, इसार पावतीचा कच्चा मसुदा तुमच्याकडं मिळेल का?

ए-४०२: पर्सनलवर पाठवतो. लोन नाही झालं किंवा टायटलमध्ये म्हणजे मालकी हक्कात अडचण निघाली तर इसार किती दिवसांत परत द्यायचा ती ओळ रिकामी ठेवलीय, तेवढी भरून घ्या.